आधी चंद्रायणगुट्टा, मग कोकापेट

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाचा वादविवाद झाला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. विषय होता ‘मेट्रो पुढे न्यायची तर आधी कुठे?’ मी जुन्या शहराच्या बाजूनं बोलले आणि हरले. नुसती नाही, चांगलीच हरले. समोरच्या गटाकडे आकडे होते, आणि माझ्याकडे होता चार मिनिटांचा वेळ आणि भरून आलेला गळा. नंतर सर म्हणाले, “मुद्दा तुझा चुकीचा नव्हता, पण तू मांडलास गाऱ्हाण्यासारखा.” मला राग आला. पण घरी जाताना एमएमटीएसच्या डब्यात उभी राहून विचार केला तेव्हा पटलं. सर बरोबर बोलत होते.

म्हणून आज आकडे घेऊन पुन्हा उभी राहते आहे. मत तेच आहे. पण एका बाबतीत मात्र मी बदलले आहे, तेही शेवटी प्रामाणिकपणे सांगणार आहे.

आधी थोडी उजळणी करू, कारण त्या दिवशी प्रश्नोत्तरांत लक्षात आलं की आपण सगळेच रोज मेट्रोत बसतो, पण तिचा नकाशा नीट कुणालाच ठाऊक नसतो. हैदराबाद मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे ६९ किलोमीटरचा. मियापूर ते एलबी नगर लाल लाइन, नागोल ते रायदुर्ग निळी, आणि जेबीएस ते एमजीबीएस हिरवी. पहिली गाडी २०१७ च्या नोव्हेंबरात धावली. हिरवी लाइन सगळ्यात शेवटी, ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. ती ११ किलोमीटरची आहे आणि सुमारे १६ मिनिटांत पार होते. पण मूळ आराखड्यात ती एमजीबीएसला संपत नव्हती. तिथून मुसी ओलांडून, जुन्या शहरातून ती फलकनुम्यापर्यंत जाणार होती. तो साधारण साडेपाच किलोमीटरचा तुकडा राहिला. बाकी सगळं झालं, तेवढाच राहिला.

का राहिला, याची कारणं अनेक आहेत. अरुंद रस्ते, दर्गे, आशुरखाने, मशिदी, मंदिरं, मार्ग बदलण्याच्या मागण्या, राजकारण, आणि या सगळ्यात गेलेला वेळ. कोण किती दोषी, या वादात मी शिरत नाही. त्यावर प्रत्येक पानटपरीवर एक वेगळी कहाणी ऐकायला मिळते.

पुढचा घटनाक्रम मात्र महत्त्वाचा आहे. ९ डिसेंबर २०२२ ला तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी रायदुर्ग ते शमशाबाद विमानतळ अशा ३१ किलोमीटरच्या मेट्रोची कोनशिला बसवली. खर्च ६,२५० कोटी रुपये. वर्षभरात सरकार बदललं. नवे मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी तो मार्ग रद्द केला आणि विमानतळाकडे जुन्या शहराच्या बाजूनं जाऊ असं ठरवलं. ८ मार्च २०२४ ला जुन्या शहराच्या मेट्रोची कोनशिला बसली. मग त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्याचे पाच मार्ग मंजूर करून राज्यानं प्रस्ताव केंद्राकडे धाडला. एकूण ७६.४ किलोमीटर, २४,२६९ कोटी रुपये. ते पाच मार्ग असे: नागोलहून एलबी नगर, चंद्रायणगुट्टामार्गे विमानतळ, ३६.८ किलोमीटर. रायदुर्ग ते कोकापेट, ११.६. एमजीबीएस ते चंद्रायणगुट्टा, ७.५. मियापूर ते पटानचेरू, १३.४. आणि एलबी नगर ते हयातनगर, ७.१.

आता पैसा एकदम येत नाही, मजूर आणि यंत्रं एकदम सगळीकडे लागत नाहीत. कागदावर पाचही मार्ग बरोबरीचे असले तरी प्रत्यक्षात कुठला तरी आधी होतो आणि कुठला तरी “पुढच्या वर्षी” होतो. जुन्या शहराला त्या “पुढच्या वर्षी”ची चांगली सवय आहे. म्हणून ‘आधी कुठे’ हा प्रश्न नुसता वादविवादाचा नाही.

माझ्या मते उत्तर सरळ आहे. आधी एमजीबीएस ते चंद्रायणगुट्टा. मग तिथून विमानतळ. मग कोकापेट.

विरोधी गटाचे तीन मुद्दे होते आणि तिन्ही दमदार होते. ते मी माझ्या सोयीनं पातळ करून सांगणार नाही.

पहिला मुद्दा प्रवाशांचा. हिरव्या लाइनला तिन्ही लाइन्समध्ये सगळ्यात कमी प्रवासी मिळतात. मग तीच लाइन आणखी लांबवण्यात काय अर्थ? उलट पश्चिमेला, हायटेक सिटी, गच्चीबावली, कोकापेट या भागात नोकऱ्या आहेत, संध्याकाळी गाड्यांची रांग हलत नाही. गर्दी तिथे आहे, तर मेट्रो तिथे न्या.

याला माझं उत्तर असं. हिरवी लाइन रिकामी राहते ती अर्धी असल्यामुळे. पुलाचा अर्धाच भाग बांधायचा आणि मग म्हणायचं, बघा, यावरून कुणी जात नाही! एमजीबीएस हे मोठं बस स्टेशन आहे, लाल आणि हिरवी लाइन तिथे भेटतात, हे मान्य. पण मुसीच्या पलीकडे जी वस्ती आहे, दारुलशिफा, शालीबंडा, अलियाबाद, फलकनुमा, चंद्रायणगुट्टा, त्या वस्तीच्या माणसाला आधी बसनं किंवा शेअर ऑटोनं एमजीबीएसला यावं लागतं. ट्रॅफिकमधला सगळ्यात वाईट तुकडा तो तेव्हाच पार करून बसलेला असतो. मग वर चढून, तिकीट काढून मेट्रो कशाला? तीच बस पुढे जाते की! प्रवासी मोजायचे तर लाइन जिथे नाही तिथले कसे मोजणार? ते मोजणीत येतच नाहीत. ते बसच्या दारात लटकलेले असतात.

माझंच सांगते. आमचं घर उप्पुगुड्याला. आजोबा रेल्वेत होते, जालन्याकडून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. मी रोज कॉलेजला सिकंदराबादला येते. परतताना जेव्हा मेट्रो घेते तेव्हा सिकंदराबाद वेस्टहून एमजीबीएसपर्यंतचा प्रवास पाव तासाच्या आत होतो. एसी, बसायला जागा, वहीसुद्धा काढता येते. मग एमजीबीएसला खाली उतरायचं आणि उरलेल्या सहा-सात किलोमीटरला कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास. रमजानमध्ये तर विचारूच नका. म्हणजे माझ्या रस्त्याचा मोठा भाग मेट्रो करते आणि मोठा वेळ खाली जातो. आता सांगा, मी मेट्रोची गिऱ्हाईक नाही का? मी तर तयार बसलेली गिऱ्हाईक आहे. दुकानच माझ्या गल्लीच्या अलीकडे संपतं.

दुसरा मुद्दा होता, जुन्या शहराला एमएमटीएस आहे. फलकनुमा, उप्पुगुडा, याकूतपुरा, डबीरपुरा, मलकपेट, काचीगुडा अशी स्टेशनं आहेत, तिकीट स्वस्त आहे. मग दुसरी रेल्वे कशाला?

मी एमएमटीएसचीच मुलगी आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. २००३ मध्ये सुरू झाली, माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठीच. माझं अर्धं कॉलेज तिच्यामुळे झालं. पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ती ज्या रुळांवरून धावते त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्याही धावतात, त्यामुळे तिच्या फेऱ्या मोजक्या. एक चुकली की पुढचीला किती वेळ, याचा भरवसा नाही. सकाळची माझी गाडी चुकली तर पहिलं लेक्चर गेलंच समजायचं. मेट्रोचं तसं नाही. ती वेळापत्रक पाहून धरायची गाडी नाही. गेलो, उभे राहिलो, आली. ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वेचा मार्ग वस्तीच्या पूर्वेच्या कडेनं जातो. चारमिनार, शालीबंडा, हुसैनी आलम इथून स्टेशन गाठायलाच ऑटो लागतो. नवा मार्ग दारुलशिफा, पुरानी हवेली, शालीबंडा, अलियाबाद असा वस्तीच्या पोटातून जाणार आहे. त्यामुळे ‘एक रेल्वे आहे ना’ हे ‘घरात एक पंखा आहे ना’ म्हटल्यासारखं झालं. आहे, पण स्वयंपाकघरात नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी याच मुद्द्यावर हरले. समोरचा मित्र म्हणाला, “मेट्रो तोट्यात आहे. २०२५ च्या मे महिन्यात भाडं वाढवावं लागलं. सप्टेंबरात सरकारनं एल अँड टीकडून पहिला टप्पा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं, सोबत सुमारे १३,००० कोटींचं कर्ज. आणि तुझ्या भागातल्या बायका तर २०२३ च्या डिसेंबरापासून आरटीसी बसमध्ये फुकट जातात. त्या पैसे मोजून मेट्रोत कशा येतील?”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता जे आहे ते मांडते.

खर्चापासून सुरुवात करू. एमजीबीएस ते चंद्रायणगुट्टा या साडेसात किलोमीटरला २,७४१ कोटी रुपये धरले आहेत. भागाकार केला तर किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी येतात. संपूर्ण दुसऱ्या टप्प्याची सरासरी किलोमीटरला सुमारे ३१८ कोटी. म्हणजे जुन्या शहराचा मार्ग सरासरीहून महाग आहे, हे मान्य करते. पण एकूण खर्चात त्याचा वाटा बघितला तर साधारण अकरा टक्के. या अकरा टक्क्यांत काय मिळतं ते पाहा. चंद्रायणगुट्ट्याला हा मार्ग विमानतळाच्या मार्गाला जाऊन मिळतो. म्हणजे हा तुकडा झाला की सिकंदराबादचा माणूस हिरव्या लाइननं थेट खाली येऊन विमानतळाची गाडी पकडू शकतो. हा तुकडा नाही झाला तर त्याला नागोल किंवा एलबी नगरचा वळसा. सगळ्या जाळ्यात ही एक गाठ आहे, आणि ती बांधली नाही तर दोन्हीकडचे दोर लोंबकळत राहतात.

कोकापेटचा मार्ग तसा नाही. तो निळ्या लाइनच्या टोकाला जोडलेलं आणखी एक टोक आहे. उपयोगाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो सहा महिने उशिरा झाला तर दुसरं काही अडत नाही. शिवाय कोकापेटला जे राहतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात दोन गाड्या आहेत. त्यांना मेट्रोत आणायला आधी गाडीतून उतरवावं लागेल. शालीबंड्याच्या माणसाला कशातूनही उतरवायचं नाही, तो आधीच पायी आहे.

आता फुकट बसचं. ती योजना आल्यापासून माझ्या आईचं आणि माझंही महिन्याचं गणित बदललं, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. आणि माझा मित्र म्हणतो ते खरं आहे, भाडं आज आहे तेच राहिलं तर जुन्या शहरातल्या कितीतरी बायका-मुली मेट्रोकडे मान वर करूनही बघणार नाहीत. पण त्यावरून ‘म्हणून मेट्रो नको’ असं निघत नाही. ‘म्हणून पास हवा’ असं निघतं. दुसऱ्या टप्प्याच्या खर्चात ३० टक्के राज्याचे, १८ टक्के केंद्राचे, ४८ टक्के कर्जाचे आणि अवघे ४ टक्के खाजगी भागीदारीतून असा आराखडा आहे. म्हणजे ही मेट्रो कंपनीची नाही, लोकांच्या पैशाची आहे. लोकांचा पैसा बसमध्ये बायकांसाठी खर्च होऊ शकतो तर विद्यार्थी आणि बायकांना मेट्रोचा स्वस्त पास देण्यात काय पाप आहे? बस आणि मेट्रोला एकच पास दिला तर आणखी बरं. पण तो पास लाइनच्या आधी येऊन उपयोग नाही.

आमच्या शेजारची एक मुलगी, माझ्याच वयाची. बीकॉम झाली. तिला गच्चीबावलीकडे नोकरी लागली होती. संध्याकाळी घरी यायला साडेनऊ वाजायचे, कधी दहा. तीन महिने केली, मग घरच्यांनी सोडायला लावली. पगाराला कुणाची ना नव्हती, वेळेला होती. लोक म्हणतात नोकऱ्या पश्चिमेला आहेत म्हणून मेट्रो पश्चिमेला न्या. अहो, पश्चिमेला मेट्रो आहे! रायदुर्गपर्यंत २०१९ मध्येच पोचली. नोकऱ्यांपर्यंत लाइन गेली, पण त्या नोकऱ्या ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत आली नाही. रस्त्याला दोन टोकं असतात. एकच टोक वाढवत राहिलं तर रस्ता लांब होतो, माणसं पोचत नाहीत.

इथे कुणीतरी म्हणेल, मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात मेट्रो कशाला? कविता लिहा. तर थोडं आपल्याबद्दल.

आपल्यापैकी बरीच घरं आज मियापूर, कुकटपल्ली, चंदानगर अशी पांगली आहेत. पण हैदराबादचा जुना मराठी माणूस कुठे होता? काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, इसामिया बाजार. आणि मुसीच्या पलीकडे शालीबंडा. १८९५ साली भारत गुणवर्धक संस्थेचं ग्रंथालय शालीबंड्याला सुरू झालं. तेव्हा मराठवाडा आणि हे शहर एकाच संस्थानात होतं. मनमाडची लाइन अजून व्हायची होती, ती १९०० च्या सुमाराला झाली. तीच लाइन पुढे माझ्या आजोबांना इथे घेऊन आली. आजही काचीगुड्याहून अजंता एक्सप्रेस निघते, ती जालना, संभाजीनगर करत मनमाडला जाते. आपल्या घरात कुणी वारलं, कुणाचं लग्न ठरलं, की तीच गाडी. माणसं कुठे राहतात, कुणाशी सोयरीक करतात, कुठली भाषा टिकवतात, हे रूळ कुठून गेले यावर किती अवलंबून असतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

आणि आता त्याच शालीबंड्यातून मेट्रो जायची आहे. जिथे आपल्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी पुस्तकं जमवली, त्या वस्तीत जायला आज आपल्यातला एकही जण सहज तयार होत नाही. ‘तिकडे कोण जाणार, ट्रॅफिक किती!’ हे वाक्य मी मंडळाच्या बैठकीत स्वतः ऐकलं आहे. जुन्या शहराबद्दल आपल्या मनात जी भीती किंवा आळस आहे त्यातला अर्धा भाग ट्रॅफिकचा आहे असं मला वाटतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. आम्ही तिथे राहणारं एक ख्रिस्ती मराठी घर, आजूबाजूला मुसलमान, तेलुगू, मारवाडी, कायस्थ. ईदला शीरखुर्मा येतो, नाताळला आमचा केक जातो. रविवारच्या मिस्साला आजीला गनफाउंड्रीच्या कॅथेड्रलमध्ये न्यायचं तर शेजारचे चाचा ऑटो काढतात. घाबरण्यासारखं काही असलंच तर ते मदिन्याच्या चौकात रस्ता ओलांडणं.

आता मी कुठे बदलले ते सांगते.

वादविवादात मी म्हटलं होतं, “जुन्या शहराला मेट्रो द्या, बाकी किरकोळ.” त्यानंतर दोन दिवसांनी वर्गातली एक मैत्रीण कँटीनमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या वडिलांचं मार्गावरच्या रस्त्याला छोटं दुकान आहे. भाड्याचं, आजोबांच्या वेळचं. ती म्हणाली, “तू छान बोललीस. पण ते ‘बाकी किरकोळ’ आम्ही आहोत.”

मला खाली बघावंसं वाटलं.

या मार्गासाठी रस्ता १०० फुटांपर्यंत रुंद करायचा आहे आणि सुमारे ११०० मालमत्तांना त्याची झळ बसणार असा अंदाज जाहीर झाला होता. भरपाईचा दर चौरस यार्डाला ८१,००० रुपये, आणि २०२५ च्या जानेवारीत पहिले चेक दिले गेले. जागेच्या मालकासाठी हा हिशोब आहे. पण तिचे वडील मालक नाहीत. त्यांचं भांडवल म्हणजे ती जागा, ते ओळखीचे चेहरे आणि उधारीची वही. त्याचा दर चौरस यार्डात निघत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा फक्त मालकाला नाही, तर ज्याची रोजीरोटी त्या जागेवर तीन वर्षं अवलंबून आहे त्यालाही बाधित मानतो. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांना माझ्या मैत्रिणीचे वडील दिसतात. माझ्या भाषणाला ते दिसले नव्हते.

मी तिला विचारलं, “मग मेट्रो नको का?” ती म्हणाली, “नको कशाला? मीही बसमध्येच असते की तुझ्यासारखी. पण अब्बाचं आधी काय ते सांगा, मग खांब घाला.”

यावर कुणी म्हणेल, मग भुयारी न्या, प्रश्नच मिटला. चारमिनारही सुरक्षित, दुकानंही. मीही असंच म्हणायचे. पण भुयारी मार्ग उन्नत मार्गापेक्षा कितीतरी पटीनं महाग, आणि आपल्या शहराखाली ग्रॅनाइटचा खडक. साडेसात किलोमीटर भुयारी करा म्हणणं म्हणजे बऱ्याचदा ‘करूच नका’ याचं सभ्य रूप असतं. शिवाय भुयारी म्हणजे कुणाचं घर जात नाही असंही नाही. मुंबईची मेट्रो तीन पाहा. सुमारे ३३.५ किलोमीटर, जवळजवळ सगळी भुयारी. तरी गिरगाव आणि काळबादेवीत स्टेशनांसाठी चाळी रिकाम्या कराव्या लागल्याच. गाडी जमिनीखालून जाते, पण माणसाला जमिनीवरूनच खाली उतरावं लागतं, आणि त्या दाराला जागा लागते. गिरगावची माणसं भांडली. मेट्रो नको म्हणून भांडणारे होते तसे ‘आम्हाला इथून लांब फेकू नका’ म्हणून भांडणारेही होते. त्यातून त्याच परिसरात पुनर्वसन करण्याची योजना निघाली. मराठी माणसाला हे भांडण समजायला दुसऱ्या भाषेत जायची गरज नाही. आपल्या कितीतरी कथा-कादंबऱ्या त्याच चाळींतून आल्या आहेत. मग गिरगावच्या चाळीसाठी जे डोळे भरून येतात ते शालीबंड्याच्या दुकानासाठी का येऊ नयेत?

आपल्याकडे सुलतान बाजारचं उदाहरण आहेच. तिथूनही लाइन नेण्याला व्यापाऱ्यांचा मोठा विरोध होता, मार्ग बदलण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली. शेवटी लाइन तिथूनच गेली. आज सुलतान बाजार स्टेशनला उतरून आपण सगळे साड्या, पुस्तकं, बांगड्या घ्यायला जातो. बाजार मेला नाही. पण रस्त्यावर सावली वेगळी पडते, आणि ज्यांची दुकानं मागे सरकली किंवा गेली त्यांच्याबद्दल आपण गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून आता माझं मत असं आहे. पहिलं, एमजीबीएस ते चंद्रायणगुट्टा हा मार्ग पाचांत सगळ्यात आधी. केंद्राच्या मंजुरीची वाट पाहायची ती पाहा, पण क्रमात हा वर. दुसरं, मालकाच्या चेकबरोबर भाडेकरू दुकानदाराची सोयही लेखी झाली पाहिजे. स्टेशनांखाली, स्टेशनांजवळ जे गाळे निघतील त्यात पहिला हक्क ज्यांचं दुकान गेलं त्यांचा, मॉलचा नाही. तिसरं, विद्यार्थी आणि बायकांसाठी बस आणि मेट्रोचा एकत्र पास. आणि चौथं, त्या मार्गावर दर्गे, आशुरखाने, मंदिरं अशी शंभराच्या वर स्थळं आहेत. ती वाचवण्यासाठी खांबांची जागा हलवू असं अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे. तो शब्द काम सुरू झाल्यावरही पाळला जातोय का, हे बघायला आपल्यासारख्यांनीही जायला हवं. नुसतं पेपरात वाचून नाही.

वादविवादात जिंकलेल्या मित्राला माझं सांगणं आहे, तुझे आकडे खरे होते. पण ते सगळे आकडे जे लोक आज मेट्रोत आहेत त्यांचे होते. जे अजून बाहेर उभे आहेत त्यांचाही आकडा धरून पुन्हा एकदा गणित कर. उत्तर तेच आलं तर पुढच्या अंकात लिही, मी वाचेन. संपादकांना मी आधीच सांगून ठेवलं आहे की तुझ्यासाठी दोन पानं ठेवा.

आणि लिहिण्याआधी एक दिवस माझ्याबरोबर घरी चल. सिकंदराबाद वेस्टला साडेचारची गाडी पकडू. एमजीबीएसपर्यंत तुझ्या मेट्रोचं कौतुक मी तोंडभर करीन. तिथून पुढे बस येईपर्यंत तू तुझे मुद्दे सांग, वेळ भरपूर असतो. मैत्रिणीच्या अब्बांचं दुकान वाटेतच आहे, तिथे उतरून चहा घेऊ. आजीनं विचारलंच आहे, “तो जिंकलेला पोरगा कोण, त्याला जेवायला आण.”

फक्त परतीचं तू बघ. रात्री नऊनंतर आमच्याकडून निघायला काय मिळेल, याचा भरवसा मी देऊ शकत नाही.